डोळ्यातली कोर

भिंगरीच्या डोळ्यात कोर उगवल्याची बातमी तिच्या काकाने, धाकट्याने, दुकानाच्या पायरीवर उभं राहून अशा काही आवाजात जाहीर केली, की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी मिशी तशीच सोडून अभिनंदनाला धावत आला. ते गिऱ्हाईक वाट बघून बघून कंटाळलं आणि अर्ध्या मिशीनिशी घरी गेलं. बायकोने दारातून परत पाठवलं म्हणतात.

चार पिढ्या चष्मे करणाऱ्या या घराला दुसऱ्याच्या डोळ्यात नंबर दिसायचा, मोतीबिंदू दिसायचा, उधारी बुडवायचा इरादासुद्धा दिसायचा. स्वतःच्या डोळ्यात मात्र फक्त मोठेपणा दिसायचा. काळ्या बुबुळाच्या कडेकडेने फिरलेली पांढुरकी रेघ, तिला ते कोर म्हणत. ज्याच्या डोळ्यात कोर, तो घराण्याचा खरा वारस. भिंग घासायच्या चाकामागची खुर्ची त्याची, आणि खुर्चीवरून निघालेला शब्द घरात कुणी खाली पडू द्यायचा नाही. बाकीच्यांनी काउंटर सांभाळावा, काचा पुसाव्यात आणि जन्मभर हेवा करावा.

नियम पणजोबांचा. पणजोबांना रस्त्यापलीकडच्या कुत्र्याच्या अंगावरची पिसू लंगडते आहे की नुसती दमली आहे, हे कळायचं. त्यांनी घासलेलं एक भिंग इतकं पातळ होतं, की गिऱ्हाईक तो चष्मा नाकावर ठेवून वर्षभर चष्मा शोधत होतं. एवढ्या नजरेच्या माणसाने एक दिवस आरशात पाहिलं, स्वतःच्या डोळ्यात पांढरं वर्तुळ दिसलं, आणि त्याने काय निष्कर्ष काढावा? निसर्गाने आपल्याला चांदीची फ्रेम बसवूनच पाठवलं आहे! तेवढ्यावर गडी थांबला नाही. गिऱ्हाइकांच्या डोळ्यात तसलीच वर्तुळं शोधायला लागला, आणि सापडेल तो आपला हरवलेला भाऊबंद समजून त्याला चष्मा फुकट द्यायला लागला. आसपासचे यच्चयावत म्हातारे त्याचे नातेवाईक निघाले. दुकान बसायची वेळ आली तेव्हा पणजीने त्याला काउंटरवरून हुसकून आतल्या चाकावर बसवलं.

पण म्हाताऱ्यांच्या डोळ्यात कोर एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न चार पिढ्यांत एकालाही पडला नाही. प्रश्न पडायला अक्कल लागते. या घरात ती सगळी चाकावर घासली गेली होती.

दुसरी फुशारकी याहून थोर. खुर्चीवरच्या माणसाला वाचायचा चष्मा कधी लागला नाही! पणजोबांना नाही, आजोबांना नाही, वडिलांना नाही. साऱ्या जगाला चाळिशी उलटली की वर्तमानपत्र लांब धरावं लागतं, आमच्या खुर्चीला नाही. हे ऐकवताना धाकटा भिंतीवरच्या तीन फोटोंकडे हात करी आणि गिऱ्हाईक त्या तरतरीत, काळ्याभोर केसांच्या पुरुषांकडे पाहून माना डोलवी.

तर त्या रविवारी सकाळी दुकानाची फळी बंद होती आणि मागच्या कामाच्या खोलीत सगळे जमले होते. खिडकीतून ऊन चाकावर पडलं होतं, पाण्याच्या तसराळ्यात काचेची पांढरी राड साचली होती. खुर्चीची पाठ नव्याने पुसली होती. धाकट्याचा मोठा भाऊ, दादा, हयातीतच खुर्ची लेकीला, भिंगरीला, देणार होता. घराण्यात असं कधी झालं नव्हतं. आजवर खुर्ची रिकामी व्हायची ती एकाच कारणाने.

"हाताला पूर्वीची स्थिरता नाही," दादाने कारण सांगितलं होतं. तो अंगाने काडीसारखा, ताठ, सेहेचाळीस वर्षांचा. खुर्चीवर इतकी वर्षं आजवर कुणी काढली नव्हती, आणि याचाही त्याला अभिमान होता.

"थांबा," दारातून वहिनी म्हणाली. "पोरगी त्यावर बसायच्या आधी मला बोलायचं आहे."

वहिनी दादाची बायको. लोकांना मोटार चालवायला शिकवायची. माणसं छान हसत, गप्पा मारत, सरळ भिंतीच्या दिशेने कशी निघतात, हे ती रोज शेजारच्या सीटवरून बघायची. तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे. घरात तो नव्हता, हेच तिचं दुखणं.

"बोल," दादा म्हणाला. "पण त्या बाईचं नाव काढणार असशील तर नको."

"त्यांचंच काढणार आहे."

ती बाई म्हणजे वाचायच्या चष्म्यासाठी आलेली एक डॉक्टरीण. पावसाळ्याआधीची गोष्ट. दादा तिच्या डोळ्यात बघत होता आणि ती, दुसरं काम नसल्याने, त्याच्या डोळ्यात.

"वय काय तुमचं?" तिने मध्येच विचारलं होतं.

"तपासतोय कोण? मी की तुम्ही?" दादा हसला. "सेहेचाळीस."

"हे वर्तुळ कधीपासून?"

वहिनी तेव्हा किल्ल्या द्यायला आली होती. नवऱ्याची छाती फुगलेली तिला दारातूनही दिसली.

"विशीपासून. आमच्या घराण्याची खूण आहे. वडिलांना होती, आजोबांना होती."

"वडील आहेत?"

"कामात गेले. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता. पण फ्रेम सरळ बसली होती हो!"

"आणि आजोबा?"

"जिन्यात. भिंगांची पेटी हातात होती. कोसळले, पण एक भिंग फुटू दिलं नाही."

"चाळिशीत?"

"आजोबा त्याच्याही आधी."

डॉक्टरीणबाई त्याच्या पायांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "बूट काढा." एवढ्या थंडपणे म्हणाली की दादाने काढला. तिने त्याच्या टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली. ती दोरखंडासारखी जाड होती, गाठाळलेली. घरात तिलाही नाव होतं: उभ्याने राबणाऱ्याची टाच.

"खूण घराण्याची आहे, एवढं तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घ्यायचं काम लिव्हर करतं. तुमच्या घरात ते उचलणारे हातच जन्मतः कमी असणार. मग ते रक्तात फिरत राहतं आणि जागा मिळेल तिथे बसतं. टाचेत बसलं, बुबुळाच्या कडेला बसलं, ते तुम्हाला दिसतंय. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसलंय ते दिसत नाही. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा एकदम कळतं, जिन्यात. रक्त तपासा. मुलं असतील तर त्यांचंही. प्रत्येकाला निम्मी शक्यता."

"माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना असतं ते वर्तुळ," दादा म्हणाला. "ते काय जिन्यात पडतात?"

"म्हातारपणी ते वयानेच येतं. त्याचं फार मनावर घ्यायचं नसतं. तरुणपणी आलं तर घ्यायचं असतं."

दादाने तिला चष्मा पूर्ण किमतीला विकला आणि ती गेल्यावर म्हणाला, "बाईचा स्वतःचा नंबर किती वाढलाय बघितलास? निघाली दुसऱ्याचे डोळे बघायला."

वहिनीने वाद घातला नाही. नव्या गाडीच्या विम्यासाठी घरातल्यांचं रक्त लागतं, अशी थाप मारून तिने बापलेकीला उपाशीपोटी प्रयोगशाळेत नेलं. रक्ताच्या थेंबाशिवाय विमा मिळत नाही, हे दोघांना पटलंसुद्धा! लिपिड प्रोफाइल झालं, साखर झाली, थायरॉइड झालं. साखर ठीक, थायरॉइड ठीक. वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला एलडीएल म्हणतात, ते लेकीचं असायला हवं त्याच्या दुपटीहून वर, आणि बापाचं त्याहूनही वर. आकडे कळल्यापासून आठवडाभर दोघं तिच्याशी तुटक बोलत होते, जणू तिनेच ते त्यांच्या रक्तात ओतले होते.

"गोळ्या आणल्या आहेत," वहिनीने पिशवी बाकावर ठेवली. "तुमच्या आणि हिच्या. डॉक्टरांनी लिहून दिल्यात. उद्या ईसीजी काढायचा, पण गोळी आजपासून सुरू."

"वहिनी, एवढं कशाला?" धाकटा खुर्चीच्या पाठीला रेलून म्हणाला. दुकानाचं तोंड तो. भिंग सरळ की उपडं हे त्याला कळत नसे, पण आंधळ्याला दुर्बीण विकेल अशी जीभ होती. "चरबीचा आजार लठ्ठांना होतो. दादाकडे बघा! वाऱ्याच्या दिवशी आम्ही त्याच्या खिशात लोखंडी साचे घालतो, उडून जाऊ नये म्हणून."

"हा अंगावरच्या चरबीचा प्रश्न नाही, भाऊजी. बारीक माणसालाही असतं."

"मग तुझ्या हातचं खाऊन झालं असेल," कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाली.

आत्या म्हणजे दादाच्या वडिलांची बहीण. वय पंच्याहत्तरीपुढे कुठेतरी, जीभ मात्र ऐन उमेदीत. ती तिच्या तिपाईवर बसली होती. भाऊ अचानक गेला तेव्हा दादा चड्डीत होता, आणि तो मोठा होईपर्यंत दुकानातलं एकूण एक भिंग आत्याने घासलं. खुर्ची शेजारी रिकामी असताना, तिपाईवर बसून. कारण तिच्या डोळ्यात कोर नव्हती. अठराव्या वर्षी वडिलांनी तिला दिव्याखाली उभं केलं, दोन्ही डोळ्यात पाहिलं आणि म्हणाले, "कोरी आहे." त्यानंतर तिच्या डोळ्यात कुणी पाहिलं नाही. तिचा चष्मासुद्धा तिने स्वतःच स्वतःला करून घेतला.

"लोणी काय कमी थापतेस तू सगळ्यांच्या ताटात?" आत्याने आणखी एक टोला हाणला.

"लोणी कमी करणारच आहे," वहिनी म्हणाली. "पण पणजोबांना मी वाढायला नव्हते, आत्याबाई. आजोबांनाही नव्हते. नुसतं खाणं आवरून हे खाली येत नाही. रक्तातच तसं लिहिलंय. गोळी लागते, आणि ती कायमची लागते."

"म्हणजे घराण्याची खूण म्हणजे रोग?" दादाचा आवाज चढला. "चार पिढ्या आम्ही रोगाला खुर्चीवर बसवलं?"

"हो."

वहिनीने हो इतकं सरळ म्हटलं, की धाकट्याच्या डोक्यात काहीतरी लकाकलं. त्या डोक्यात काही लकाकणं दुर्मिळ, म्हणून ते लगेच तोंडावर दिसलं. कोर जर रोग असेल, तर खुर्ची निरोग्याला मिळायला हवी. आणि या खोलीत निरोगी कोण? धाकट्याने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला आणि तिच्या हातावर ठेवला, जरा मालकी हक्काने.

"दादा," तो गंभीरपणे म्हणाला, "वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे. शेवटी विज्ञान आहे. तुला विश्रांतीची गरज आहे. भिंगरीलाही. पोरीवर एवढा भार नको. मी बघतो दुकानाचं. माझे डोळे अगदी स्वच्छ, आजवर एक डाग नाही."

"आत्ता तर म्हणत होतास एवढं कशाला," दादा खेकसला.

"माणसाने शिकत राहावं, दादा."

"भाऊजी, छान झालं तुम्ही समजून घेतलंत," वहिनी म्हणाली. "उद्या सकाळी उपाशीपोटी तुम्हीही चला. डोळ्यात कोर नसली म्हणजे रक्तात नाही असं नसतं. भावाला निघालं की भावाचंही तपासतात."

"रक्त?" धाकट्याचा हात खुर्चीवरून घसरला. "म्हणजे सुई?"

"दुसरीकडून कुठून काढणार?"

लहानपणी देवीची लस टोचायला आलेल्या परिचारिकेला पाहून हा माणूस कपाटावर चढला होता आणि त्याला उतरवायला कपाट आडवं करावं लागलं होतं. तो दोन पावलं मागे सरकून पुन्हा भावाच्या शेजारी उभा राहिला. "तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "डॉक्टर लोक काहीही सांगतात. त्यांचाही धंदा असतो."

वहिनीने नवऱ्याकडे पाठ फिरवली आणि लेकीकडे पाहिलं. तिला ना खुर्चीचं पडलं होतं, ना घराण्याचं. तिला पिशवीतली एक पट्टी या पोरीच्या हातात जायला हवी होती.

भिंगरी एकवीस वर्षांची. लहानपणी चाकाभोवती गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलं. तिला दुकानातलं सगळं यायचं, आणि जे यायचं ते बापाकडून. बाप म्हणाला उजेड कोपऱ्यात राहतो, तर ती कोपऱ्यात बघणार.

"तू घे बाळा," वहिनी म्हणाली. "आत्ता सुरू केलीस तर तुझ्या रक्तवाहिन्या स्वच्छ राहतील. पुढे लग्न, मूल, काही ठरलं तर डॉक्टर सांगतील तेव्हा थांबवायची. तोवर रोज एक, एवढंच."

"बाबा घेणार असेल तर घेईन."

"त्याचं त्याच्याजवळ. तू तुझं बघ."

"नाही. बाबा म्हणतो हा रोग नाही, तर नाही." भिंगरी मान ताठ करून म्हणाली. "तुला कळणार नाही, आई. तू बाहेरून आलेली आहेस."

वहिनीचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, सवयीने. काही थांबलं नाही.

दादाने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला भरून आलं होतं, आणि भरून आलं की तो भाषण करी. "आपल्या घरात कुणी अंथरुणाला खिळून गेलं नाही," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "कुणी कण्हलं नाही, कुणाला बेडपॅन द्यावं लागलं नाही. हातातलं काम चालू असताना गेले. मलाही तसंच जायचं आहे. हा मान आहे."

"मलाही," भिंगरी म्हणाली. "मीही चाकावरच जाईन, बाबा."

आणि बापाला यात भयंकर असं काही ऐकू आलं नाही! उलट तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागला.

कोपऱ्यातल्या तिपाईला मात्र ऐकू आलं. आत्या इतका वेळ खुर्चीच्या बाजूने होती, आणि त्याला कारण होतं. कोर म्हणजे घराण्याचं तेज असेल, तर आपल्या नशिबी तिपाई आली यात निदान काही न्याय होता. कोर म्हणजे रक्तात साचलेला गाळ असेल, तर आपण अख्खा जन्म कशाच्या शेजारी मान खाली घालून बसलो? त्या डॉक्टरणीला शहाणी ठरवायचं, तर स्वतःला केवढी मूर्ख ठरवावं लागत होतं! त्यापेक्षा दोष वहिनीच्या लोण्यावर ढकलणं सोपं होतं.

तिने भिंतीवरच्या तीन फोटोंकडे पाहिलं. बाप, आजा, भाऊ. रोज पुसणारी तीच. आज पहिल्यांदा तिला ते तिघे पोरसवदा वाटले. आपला बाप! ज्याच्यापुढे उभं राहताना मान वर व्हायची नाही, तो समोरच्या न्हाव्यापेक्षाही लहान दिसत होता. चौथ्या खिळ्यावर काही नव्हतं. पाचवा खिळा, तिच्या लक्षात आलं, कुणीतरी आधीच मारून ठेवला होता.

ती उठली. उठताना तिचे गुडघे वाजले आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

"धाकट्या, तो डोळ्याला लावायचा भिंगाचा खुंट घे आणि इकडे ये."

"कशाला, आत्या?"

"मेल्या, सांगते ते कर. माझ्या डोळ्यात बघ. इकडे, खिडकीशी."

धाकट्याने खुंट डोळ्याला लावला. जवळ गेला. आणि मग त्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून समोरच्या न्हाव्याच्या हातातला वस्तरा पुन्हा थांबला असणार, रविवार असूनसुद्धा.

"कोर! दादा, आत्याच्या डोळ्यात कोर आहे!"

"दोन्ही डोळ्यात बघ."

"दोन्ही! तुझ्यापेक्षा जाड आहे, दादा. कंकणासारखी!"

"सत्तरीनंतर उगवली," आत्या शांतपणे म्हणाली. "आरशात मला दिसायची. तुमच्यापैकी कुणी माझ्या डोळ्याकडे बघितलंय कधी?" आणि ती चार पावलं चालून गेली, खुर्ची मागे ओढली, आणि बसली. खुर्ची करकरली. "बरी आहे. मला वाटलं होतं याहून मऊ असेल."

"आत्या, हे काय?" दादा गोंधळला. "ऊठ."

"का उठू? नियम तुझ्या पणजोबांचा. कोर असेल तो खुर्चीवर. घरात वयाने मोठी मी, कोर मोठी माझी."

"पण तुझी कोर ती कोर नव्हे! ती तर नुसती वयाने..."

दादा थांबला. तोंड उघडंच राहिलं.

"बोल ना," आत्या म्हणाली. "वयाने काय?"

दादाने बायकोकडे पाहिलं, मग बाकावरच्या पिशवीकडे.

"वयाने येते, त्याचं मनावर घ्यायचं नसतं, असंच ना? कुणी सांगितलं तुला हे?" तिने चाकाला हात लावून ते उगाच गर्रकन फिरवलं. "त्या बाईनेच सांगितलं. मग ती म्हणते ते खरं असेल, तर तुझ्या आणि या पोरीच्या डोळ्यात रोग आहे, गोळी घे. खोटं असेल, तर माझी कोर खरी, खुर्ची माझी, आणि खुर्ची सांगते गोळी घे. तुला कुठल्या रस्त्याने यायचं ते बघ. मला दोन्ही चालतील."

वहिनीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. म्हाताऱ्या डोळ्यातल्या कोरीची किंमत शून्य, हे खोलीत सगळ्यात आधी तिला माहीत होतं. लग्न होऊन आल्यापासून ती आणि आत्या पहिल्यांदाच एका बाजूला होत्या, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

"मी मानाने जाईन म्हटलं, तर त्यात..." दादाने शेवटचा प्रयत्न केला.

"मान?" आत्या उसळली. "तुझा बाप गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला. ते गिऱ्हाईक किंचाळत फ्रेमसकट पळालं, आणि मी त्याला जमिनीवरून उचलायचा प्रयत्न करत होते. तुला सांगितलं, फ्रेम सरळ बसली होती. तू चड्डीत होतास, दुसरं काय सांगणार होते? तेच तू गिऱ्हाइकांना ऐकवत बसलास. आपल्या घरात आजारी पडून कुणी गेलं नाही म्हणे! आजारी पडायलाही वेळ लागतो रे. तेवढा कुणाला मिळाला? वाचायचा चष्मा लागला नाही म्हणून छाती काढता. लागणार कसा? लागायच्या वयाला पोचलं कोण? बघ त्या भिंतीवर. एक तरी म्हातारा आहे का?"

भिंगरीने भिंतीकडे पाहिलं. मग बापाकडे. मग पुन्हा भिंतीकडे, जरा जास्त वेळ. तिचा खांदा बापाच्या हाताखालून हळूच निसटला.

"दे ती पट्टी याच्या हातात," आत्या वहिनीला म्हणाली.

वहिनीने दिली.

"काय गिळणार आहेस ते आधी वाच. मोठ्याने. पोरीलाही कळू दे."

दादाने पट्टी डोळ्यापुढे धरली. जरा लांब केली. आणखी लांब केली. मान मागे घेतली. हात पूर्ण ताठ झाला आणि पुढे हातच संपला. खिडकीकडे वळून पाहिलं, उजेडाचा काही दोष आहे का ते. चांदीच्या कागदावर मुंग्यांची रांग निघाली होती.

आता खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की दादाच्या हाताला काही झालेलं नव्हतं. खुर्ची का सोडायची होती तेही कळलं. चार पिढ्यांत पहिल्यांदा खुर्चीवरचा माणूस त्या वयाला पोचला होता, आणि चोरासारखा लपवत होता.

"कधीपासून?" आत्याने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं आंधळ्यासारखी भिंगं घासतोयस! तरीच तुझा चष्मा नेलेला तो सुतार स्वतःच्या अंगठ्यावर हातोडा मारतो." आत्याने स्वतःचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुढे केला. "घाल."

"सगळ्यांसमोर?"

"तू चष्मे विकतोस. लाज कसली वाटते?"

भिंतीवरच्या तिघांकडे न बघता दादाने चष्मा घातला. तो बायकी होता, काड्यांवर नक्षी होती, आणि आत्याच्या कानांना बसलेला असल्याने त्याच्या नाकावर तिरका झाला. मुंग्या थांबल्या, त्यांची अक्षरं झाली. त्याने गोळीचं नाव वाचलं. भिंगरी वाचायला शेजारी वाकली, आणि त्याने मान वळवली तर तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

लेकीच्या डोळ्यातली कोर त्याने पाहिलीच नव्हती. धाकट्याने पायरीवरून ओरडून सांगितलं, त्याने छाती फुगवली, बस. आता ती दिसली. बुबुळाच्या वरच्या कडेला, नखाच्या टोकाएवढी, ताज्या दुधाच्या रंगाची. सुंदर नव्हती. डबक्याच्या काठाला पांढरं धरतं, तशी होती.

"पाणी," तो म्हणाला.

वहिनीने दोन पेले पुढे केले. ती ते आधीच भरून उभी होती. बापाने गोळी जिभेवर ठेवली, लेकीने बापाचा घोट गळ्यातून उतरलेला बघितला, मगच स्वतःची टाकली.

एवढ्यात दाराशी पाऊल वाजलं. धाकटा पायरीवर जाऊन हीही बातमी जाहीर करायच्या बेतात होता.

"तू कुठे निघालास?" आत्या म्हणाली. "उद्या सकाळी काही खायचं नाहीस. कपाटावर चढलास तर कपाटासकट नेऊ."

दादा आता पट्टीबरोबर आलेला कागद उलगडून बघत होता. खरं तर आता त्याला बारीक अक्षरं वाचायचा मोह आवरत नव्हता. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगावे. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. सगळं स्वच्छ दिसत होतं.

"किती दिवस घ्यायची म्हणालीस?" त्याने बायकोला विचारलं.

"जन्मभर."

"जन्मभर म्हणजे किती?"

वहिनीने उत्तरासाठी खुर्चीकडे पाहिलं. आत्याला चष्म्याविना समोरचं काही धड दिसत नव्हतं, तरी ती भिंतीवरच्या पोरांकडेच बघत होती.

"ते या खुर्चीवरच्या कुणाला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "तू कळव."